पिंपळातला किडा आणि बाबांचा हात

पिंपळाच्या बुंध्यातून पहिला किडा मी ओढून काढला तो सायकलच्या स्पोकनं. स्पोकचं टोक पकडीनं वाकवून आकडा केला, भोकात घातला, आत काहीतरी मऊ लागलं तसा गर्रकन फिरवला आणि ओढला. पांढरीफट्ट, बिनपायाची, माझ्या अंगठ्याएवढी जाड अळी बाहेर आली. पोट फाटलेलं, त्यातून पिवळं पाणी गळत होतं, आणि तरी तिचे काळे जबडे हवेतच चावून राहिले होते. मी तिला चबुतऱ्याच्या फरशीवर टाकलं आणि चपलेनं रगडलं, नुसता ओला डाग उरेपर्यंत रगडलं. खरं सांगते, लई बरं वाटलं.

मागं बाजेवर बाबा बसले होते. म्हणाले, "झालं समाधान?"

"हाव, झालं," मी म्हणलं, आणि दुसऱ्या भोकात स्पोक घातला.

मी एसटीत कंडक्टर आहे, अहमदपूर डेपोला. कधी नांदेड, कधी लातूर, कधी किनवटकडची लांब ड्युटी. ही पोरगी नाकाच्या शेंड्यावर राग घेऊनच जन्माला आली, असं माय म्हणायची. एकदा लोह्याच्या अलीकडं गर्दीत एकानं माझ्या कमरेला हात लावला. तिकिटाचं मशीन त्याच्या तोंडावर हाणलं, दात पडला. डेपोत चौकशी झाली तेव्हा मी म्हणलं, साहेब, मशीन चालू हाय, दाताचं मला माहीत न्हाई. लग्नही झालं होतं माझं, विष्णुपुरीला दिलं होतं. नवऱ्यानं पहिल्यांदा हात उचलला तो मी सोसला. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा माझ्या हातात तापलेला तवा होता. त्याच्या दंडावर खूण अजून असंल. त्याच दिवशी अहमदपूरची गाडी धरून मी घरी आले. बाबांनी दारातच माझ्या सुजलेल्या डोळ्याकडं बघितलं, काही विचारलं न्हाई. "चहा ठेव," एवढंच म्हणाले आणि पिंपळाखाली जाऊन बसले.

विचारणार तरी काय? बाबांचा स्वतःचा हात काय कमी होता? आमचे बाबा गवंडी. काम सोन्यासारखं, पण संध्याकाळी प्यायचे, आणि प्यायले की मायला मारायचे. हातानं, पट्ट्यानं, जे सापडंल त्यानं. मी कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभी राहायचे. माय ओरडल्याचं मला एकदाही आठवत न्हाई. बाबाच ओरडायचे, "तोंड उघड! ओरड की!" ती दात आवळून मार खायची. शेवटच्या वेळी त्यांनी तिला थापीनं मारलं, विटा रचताना गवंड्याच्या हातात असते त्या लोखंडी थापीनं. मायचं खांद्याचं हाड मोडलं. सकाळी तिनं मला एका हातानं धरलं आणि इस्लापूरकडं, माहेरी, निघून गेली.

बाबा तिला आणायला आले ते पिऊन न्हाई आले. हातात घमेलं, घमेल्यात माती, मातीत वीतभर पिंपळाचं रोप. नांदेडला ते एक जुनी भिंत पाडत होते, तिच्या फटीत उगवलं होतं. भिंतीतला पिंपळ उपटून फेकणं हे गवंड्याचं रोजचंच काम, मुळी राहिली तर भिंत फुटते. हे एक रोप का फेकवलं न्हाई ते बाबांनाही सांगता येत न्हाई. मायनं सगळ्या भावांच्या समोर त्यांना सांगितलं, "हे दारात लावा. त्याच्यासमोर पंचशील घ्या. झाड हिरवं हाय तवर मी तुमच्या घरात. ज्या दिवशी वाळंल त्या दिवशी मी गेले. मग बोलवायला येऊ नका."

आम्ही परत आलो तेव्हा शेजारची काकू मायला म्हणाली होती, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात न्हाई गं." पण गेली. पंचशीलातलं पहिलंच शील, जीव घेणार न्हाई, ते बाबांनी असं धरलं की धरलंच. दारू सुटली. मायवर तर सोडा, कुत्र्यावरसुद्धा हात उचलला न्हाई. चावणारा डास ते फुंकर मारून उडवायचे. घरात विंचू निघाला तर फडक्यात धरून ओढ्यापलीकडं सोडून यायचे, आणि मी म्हणायचे, बाबा, तो उद्या परत येतो बघा. झाड वाढलं. बाबांनी त्याला चबुतरा बांधला, वस्तीनं शेजारी छोटं विहार उभं केलं, आणि पौर्णिमेची वंदना त्याच झाडाखाली व्हायला लागली. बोधिवृक्षच तो, पण आमच्या घरापुरतं सांगायचं तर ते मायचं झाड. माय शुगरनं गेली तेव्हा आम्ही लई रडलो, पण बाबांचा हिशेब मोडला न्हाई. झाड हिरवं हाय, म्हणजे ती हाय. सकाळी उठून ते पहिल्यांदा पानांकडं बघायचे, मग तोंड धुवायचे.

त्या झाडाच्या बुडाशी एक दिवस भुसा पडलेला दिसला. वर बघितलं तर खोडाला भोकं, ड्रिल मशीननं पाडल्यासारखी गोल. माझं डोकंच फिरलं. शेजारच्या प्लॉटवाल्याची आणि आमची फांद्यांवरून तकरार चालूच होती. यानंच भोकं पाडून ॲसिड घातलं असणार! मी तशीच गेले आणि त्याच्या दुकानात घुसून त्याची गचांडी धरली. चांगला खांबावर आपटला. बाया सोडवायला आल्या तेव्हा मी घरी आले, आणि येऊन बघते तर माझ्या डोळ्यांदेखत भोकातून भुसा बाहेर येऊन राहिला होता. आत कुणीतरी बसून ढकलत होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! तो प्लॉटवाला अजून माझ्या गाडीत बसत न्हाई, दुसरी गाडी बघतो. बसंना का.

एक कृषी सहायक बाई बऱ्याचदा माझ्या गाडीनं जायची. तिला उतरवून घरी आणलं. तिनं भोकं बघितली, वरच्या मोठ्या फांदीवर बोटानं टकटक केलं. ती फांदी ढोलासारखी वाजली. म्हणाली, "आंब्याला भिरूड लागतो ना ताई, त्याच्या भाऊबंदांतला दिसतो कुणीतरी. हीच अळी पुढं मोठी होऊन लांब मिशांचा भुंगा होतो. मादी सालीला चावून जखम करते, जखमेत अंडं घालते. अळी आत दोन-दोन वर्षं खात बसते."

"वाचंल का?" बाबांनी विचारलं.

"खोड वाचंल. तारेनं किडे काढा, भोकात पेट्रोलचा बोळा घालून चिखलानं लिंपा. ही फांदी मात्र गेली. ती तोडा आणि पावसाच्या आत जाळा. नुसती तोडून ठेवू नका हं बाबा. आतले किडे मरत न्हाईत, लाकडातच मोठे होतात, आणि भुंगे होऊन परत ह्याच झाडावर बसतात. दुसऱ्यांदा लागलं तर झाड टिकणार न्हाई."

बाई गेल्यावर बाबा म्हणाले, "जाळायचं म्हणजे जित्तेच जाळायचे?"

"मग काय मेल्याचा दाखला आणायचा त्यांचा?"

"मी शील घेतलंय बाई." मला ते बाईच म्हणतात.

"घ्या की! आणि झाड वाळलं की मायला सांगा, जा म्हणून."

हे लागलं त्यांना. उठून खोडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "फांदी मी जाळतो. तू ड्युटीला जा." संध्याकाळी आले तेव्हा फांदी उतरली होती, करवतीच्या जागी चिखल लिंपला होता आणि अंगणात राख होती. विषय संपला.

मग मी सुट्टीच्या प्रत्येक दिवशी स्पोक घेऊन बसायला लागले. किडा आत वळवळला की स्पोकमधून बोटाला कळतं. मी त्याला दाबायचे, पिळायचे, तुकड्या-तुकड्यानं बाहेर काढायचे. कधी अर्धा निघायचा आणि अर्धा आत राहायचा, मग पेट्रोल. गाडीत दिवसभर लोकांचं ऐकून आलेली असायचे, त्या सगळ्यांचा हिशेब इथं चुकता व्हायचा. बाबा तेवढा वेळ विहारात जाऊन बसायचे. पण झाड सुधारलं. उन्हाळ्यात तांबूस पालवी अशी फुटली की वस्तीतल्या बाया थांबून बघायच्या. बाबा पालवीखाली बाज टाकून दुपारभर झोपायचे. इतकं निवांत मी त्यांना माय गेल्यापासून बघितलं नव्हतं.

आणि मृगाच्या सुमाराला परत भुसा. नव्या फांद्यांच्या सालीवर ताज्या जखमा, कुणी दातानं कुरतडल्यासारख्या. चीक गळत होता, दोन फांद्यांची पालवी करपून खाली आली. मी बाबांना विचारलं, हे आलं कुठून? बाबा म्हणाले, "कुठून तरी येतं." आणि पानं गोळा करायला लागले. वर बघितलंच न्हाई त्यांनी.

त्या आठवड्यात माझ्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, मी घराच्या कडेला गेले. तिथं आमची जुनी न्हाणी आहे, पत्र्याची, आता बंद. बाबांची गवंडीकामाची हत्यारं तिथंच पडलेली असतात. मला मायचा पितळी हंडा काढायचा होता. दाराजवळ गेले तर आत कर्रर कर्रर आवाज. उंदीर म्हणावं तर उंदीर असा थांबून-थांबून खात न्हाई. दार लाथेनं उघडलं.

आत गोणपाटाखाली फांदी होती. तीच. तोडून, ओंडके करून, भिंतीला नीट रचलेली, गवंड्यानं विटा रचाव्यात तशी. ओंडक्यांना अंगठा जाईल एवढी भोकं, खाली भुशाचा ढीग, आणि भुशावर भुंगे. बोटाएवढे लांब, राखेच्या रंगाचे, पाठीवर शेंदरी ठिपके, मानेच्या दोन्ही बाजूंना काटे, आणि मिशा अंगापेक्षा लांब, मागं वळलेल्या. दोन नर एका मादीवरून भांडत होते. एकानं दुसऱ्याची मिशी बुडापासून कापली, मग पाय कापला, आणि तो लंगडा तरी मागं हटंना. पत्र्याच्या फटीतून उजेड येत होता. त्याच फटीतून भुंगे बाहेर जात होते, आणि फटीच्या समोर काय? आमचा पिंपळ! पुढं मी त्या भुंग्याचा फोटो कृषी सहायक बाईला पाठवला, तिनं तो पुढं मोठ्या लोकांना पाठवला. उत्तर आलं की जात ओळखू येत न्हाई, अशी नोंद दिसत न्हाई. बिननावाचा वैरी, आणि त्याला आमच्या घरात खोली दिलेली.

"बाबा!" मी अशी ओरडले की काकू भिंतीवरून डोकावली.

बाबा आले. दारात उभे राहिले.

"जाळलं म्हणला होता ना तुम्ही?"

"पाला जाळला." "आत जित्ते होते बाई. कान लावून ऐकलं मी. खात होते. म्हणलं, तोडलेलंच लाकूड हाय, खातील आणि मरतील आपोआप."

"मेले का? बघा, मेले का! ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं! झाड जित्तं न्हाई का? किड्याची दया आली, मायची न्हाई आली? तिचं हाड मोडलं तेव्हा हे शील कुठं होतं तुमचं?"

इतक्या वर्षांत हे मी कधी बोलले नव्हते. माय असताना न्हाई, गेल्यावरही न्हाई. आता निघालं ते निघालं, आणि मला त्याचं काही वाटलं न्हाई. बाबांनी खाली वाकून एक भुंगा मुठीत धरला. भुंगा चिरकला. हो, आवाज करतो तो. धरला की मान घासून चिर्र, चिर्र असा बारीक आवाज काढतो. बाबांनी मूठ माझ्या कानाजवळ आणली.

"ऐक," ते म्हणाले. "तुला वाटतं तुझी माय ओरडायची न्हाई. तू लांब कोपऱ्यात असायचीस. मी जवळ होतो. दाताच्या फटीतून असाच आवाज यायचा तिचा. हाच. पहिल्या दिवशी भोकाला कान लावला तवाच ओळखला मी. माझ्याच्यानं न्हाई होत, बाई."

मला हुंदका आला, पण रागही गेला न्हाई. दोन्ही एकदमच आलं. मी म्हणलं, "मग जाऊ द्या तिला. वाळू द्या झाड. तुम्ही बसा आवाज ऐकत."

बाबांनी मूठ माझ्या कानाजवळून खाली घेतली. मग त्यांची मूठ हळूहळू आवळत गेली. चिर्र आवाज वाढला, कवच कडकन फुटलं आणि आवाज थांबला. बोटांच्या फटीतून पिवळं पाणी मनगटावर आलं. त्यांनी ते बघितलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. तो चेहरा मला पाठ होता. पुढं काय होणार ते मला लहानपणापासून माहीत होतं.

खुंटीवरची थापी त्यांनी ओढली. तीच थापी, गंजलेली. पहिला घाव भुशावर बसला, दोन्ही नर आणि मादी एकात एक चेचले गेले. दुसरा घाव ओंडक्यावर. मग घाव मोजायचं कामच राहिलं न्हाई. साल उडत होती, भुंग्यांचे पाय, मिशा, पंख माझ्या तोंडावर उडत होते. अर्धे कापलेले भुंगे उलटे पडून गरगर फिरत होते आणि बाबा त्यांना टाचेखाली घेत होते. ओंडका फुटला, आतल्या पांढऱ्या अळ्या सांडल्या, त्या त्यांनी थापीच्या धारेनं कापल्या. पत्र्यावर घाव बसला की सगळी न्हाणी दणाणायची. आणि बाबा ओरडत होते, "तोंड उघड! ओरड! ओरड की आता!"

ते किड्यांना म्हणत नव्हते.

मी कुणाच्या बापाला भीत न्हाई, पण माझ्या बापाला त्या दिवशी भ्याले. माझी पाठ भिंतीला लागली होती. जागा बदलली होती, उंची बदलली होती, उभी मात्र मी तशीच होते. बाबा गर्रकन वळले. थापी वर उचललेली, डोळे लाल, आणि मी समोर. त्यांना मी दिसत होते की माय दिसत होती, मला सांगता येणार न्हाई. मागं सरकताना मायचा पितळी हंडा माझ्या हातात आला होता. हाणता आला असता. मी हाणणारीच बाई. पण माझ्या तोंडातून शब्द आला, "बाबा, मी हाय. तुमची बाई."

हात वरच थांबला. बाबांनी मान वर करून स्वतःच्या हाताकडं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. मग थापी त्यांच्या हातातून सुटली, माझ्या पायाशी खणकन पडली आणि ते भुशातच बसले. पोरासारखे रडले. "गेली असंल आता ती," म्हणत होते. "हे बघितलं असंल तर गेली असंल."

मी हंडा खाली ठेवला. त्यांना काखेत धरून उठवलं, पिंपळाखाली नेलं, पाणी पाजलं, बादली आणून त्यांचे हात साबणानं घासून धुतले. नखांतलं पिवळंसुद्धा काढलं. मग म्हणलं, "बाबा, आता ऐका माझं. तुम्ही हात लावायचा न्हाई. मारायचं काम माझं. माझ्या हाताला सवय हाय, आणि मी कुणाला शब्द दिलेला न्हाई. तुमचं शील तुमच्यापाशी ठेवा. हात उठला, पण थांबला ना? हे तिनंही बघितलं असंल की."

"थांबला?" त्यांनी विचारलं.

"मी समोर उभी हाय न्हवं का? थांबला म्हणूनच हाय."

ओंडके मी बाहेर ओढले, अंगणाच्या मधोमध रचले, डिझेल ओतलं आणि पेटवले. लाकूड तडतडलं, त्यात चिर्र चिर्रही ऐकू आलं. एक भुंगा पेटलेल्या पंखांनिशी बाहेर पडला, तो मी फावड्यानं परत आत ढकलला. थापीही त्याच जाळात टाकली. लोखंड जळत न्हाई, पण लाकडी मूठ तरी जळाली. बाबा जाळाकडं पाठ करून, खोडाला कपाळ टेकवून बसले होते. त्यांनी कान झाकले नव्हते.

संध्याकाळी त्यांनी मला मेणबत्ती लावायला सांगितली आणि झाडासमोर पंचशील परत पहिल्यापासून घेतलं. पहिल्या ओळीतच अडले. थांबले, पुन्हा सुरू केलं. शेजारची काकू येऊन मागं बसली, आणि ते अडतील तिथं ती पुढचा शब्द म्हणायला लागली. मी शील घेतलं न्हाई. मी हात जोडून नुसती उभी होते, हाताला डिझेलचा वास येत होता.

आता आमचं असं चालतं. माझ्या सुट्टीच्या दिवशी बाबा सकाळीच काठी टेकत झाडाभोवती फिरतात. भुसा कुठं पडलाय, साल कुठं ओली झालीय, ते त्यांना माझ्यापेक्षा आधी दिसतं. काठीचं टोक तिथं टेकवून म्हणतात, "इथं एक हाय बघ." आणि तोंड फिरवून उभे राहतात. विहारात जात न्हाईत आता. मी स्पोक आत घालते, फिरवते, ओढते, रगडते. झालं की "हं" म्हणते, मग ते वळतात आणि स्वतःच्या हातानं भोक चिखलानं लिंपतात. गवंड्याचा हात, चिखल असा बसतो की भोक होतं कुठं ते कळत न्हाई.

यंदा करपलेल्या फांद्यांनाही पालवी आली. मी ड्युटीला निघताना खांद्यावर पिशवी अडकवून वर बघितलं. सगळं झाड तांबूस-हिरवं होऊन हलत होतं.

म्हणलं, "बाबा, वाचलं बरं का झाड."

बाबा तोंड धूत होते. ओल्या तोंडानंच वर बघितलं.

"हाव," म्हणाले. "ऱ्हाईली ती."